रेणू वाकतो त्या जागी

वैशालीनं हे काम घाईत केलंय, असं मी एकदा चार प्राध्यापकांसमोर म्हणालो. ते खोटं होतं. तिनं घाई केली नव्हती, आणि मला ते पक्कं माहीत होतं.

दिवाळी अंकासाठी लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांना हे नको होतं. "तुमचं डीएनएचं काम, जरा गमतीदार करून लिहा, लोकांना कुतूहल असतं," एवढंच ते म्हणाले. गंमत आहे थोडी, ती येईलही. पण वरची दोन-तीन वाक्यं आधी लिहिली नसती, तर मी गमती सांगत शेवटच्या पानापर्यंत गेलो असतो आणि ती गाळली असती. मला स्वतःची ती सवय माहीत आहे.

माझं काम करण्यापेक्षा ते लोकांना सांगणं अवघड. पेणला आमच्या आळीत दत्ताभाऊंचा गणपतीचा कारखाना आहे. एकदा ते हाताचा रंग पुसत घरी आले, दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सर, तुमच्याकडं डीएनए काढून मिळतो ना?"

"का? काय झालं?"

"जमिनीची भानगड हाय. एक जण उभा राहिलाय, म्हणतो मी तुमच्या काकांचा मुलगा. त्याचे केस आणलेत." त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. "सलूनवाल्याकडनं आणलेत. आपलाच माणूस हाय."

मी सांगितलं की कोणाचा डीएनए कोणाशी जुळतो हे बघणारे लोक वेगळे. मी फक्त तो किती वाकतो ते बघतो.

"वाकतो म्हणजे?"

"म्हणजे लवचीक किती, ताठ किती."

"कोणाचा?"

"कोणाचाही. कोणाचा ते आम्ही विचारतच नाही. खरं सांगायचं तर तो संगणकातच असतो."

दत्ताभाऊंनी पुडी परत खिशात ठेवली. "म्हणजे केस नाय, रक्त नाय, माणूस नाय. आणि सरकार पगार देतं?"

"देतं."

"बरं हाय." दारात जाऊन ते पुन्हा वळले. "पण वाकला की नाय, ते तरी नक्की कळतं ना?"

या प्रश्नाचं उत्तर देण्यात माझी निम्मी नोकरी गेली. उरलेली निम्मी, मी ते कसं दिलं हे निस्तरण्यात जाते आहे.

आपल्या शरीरातल्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर साधारण दोन मीटर भरतो. तो राहतो मात्र डोळ्यांना दिसणारही नाही अशा केंद्रकात. म्हणजे त्याला वाकावं लागतं, गुंडाळावं लागतं. कुठं सहज वाकतो आणि कुठं अडतो, यावर त्यातला कोणता भाग वाचला जाणार आणि कोणता मिटून राहणार, हे बरंचसं ठरतं. म्हणून त्याचा ताठपणा मोजायचा.

लहानपणी आम्ही आकाशकंदील घरी करायचो. बांबूची कामटी तासून तिचं कडं करायचं. कामटी लांब असली तर हातात धरून टोकाला टोक लावलं की झालं कडं. आखूड असली तर ती ऐकत नाही. जोर लावला की दोनपैकी एक होतं. कधी ती सगळीकडून थोडी थोडी वाकते आणि नाइलाजानं गोल होते. कधी एका जागी सालीला भेग पडते, आणि मग सगळं वाकणं त्या एका जागी जमा होतं. बाकीची कामटी आरामात सरळ. डीएनएचंही असंच आहे. तो म्हणजे पिळलेली शिडी. तिच्या पायऱ्या दोन-दोन तुकड्यांच्या, मधोमध जुळलेल्या. दीडशेएक पायऱ्यांपर्यंतचा तुकडा बराचसा सरळच राहतो. त्याहून आखूड तुकड्याचं कडं करायचं म्हणजे आखूड कामटीचा कंदील.

भेग पडण्याची गोष्ट मला शाळेत असताना माहीत होती. पुढं खूप शिकलो आणि विसरलो.

आमच्या कामाची रीत अशी. रेणूतला प्रत्येक अणू संगणकात एक मणी. कोणत्या मण्यानं कोणाला किती ओढायचं, किती ढकलायचं, याचे नियम आधी ठरलेले असतात. रेणूभोवती पाणी भरायचं, थोडं मीठ घालायचं, पाणी नीट बसेपर्यंत थांबायचं, आणि मग सगळं मोकळं सोडून काय होतं ते बघायचं. याला आम्ही रन म्हणतो. क्रिकेटशी संबंध नाही, तरी माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत तसं वाटत होतं, ते फोनवर "आज किती झाले?" असं विचारायचे. एका रनला आठवडे लागतात. असे पुष्कळ रन करून त्यांची सरासरी काढली की रेणूचा ताठपणा हाती येतो.

मला यात थोडं यश मिळालं होतं. शिडीच्या सगळ्या पायऱ्या सारख्या नसतात. काही जोड्या मऊ, काही हट्टी. एकदा शेजारच्या प्रयोगशाळेतले लोक एक कोडं घेऊन आले: एक प्रथिन डीएनएवर एका जागी पटकन बसतं, तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या जागी बसत नाही, असं का? मी दोन्ही तुकडे संगणकात वाकवून पाहिले आणि सांगितलं, दुसरा तुकडा वाकायला तयारच नाही. त्यांनी त्यातल्या दोन पायऱ्या बदलून प्रयोग केला आणि प्रथिन तिथं बसलं. त्या दिवशी मी पेणच्या स्टेशनवरून घरी चालत आलो, रिक्षा केली नाही. चालताना माणूस स्वतःशी हसला तरी कोणी बघत नाही. माझे आकडे बरोबर असतात, हे मला त्या दिवशी पटलं. पुढच्या सगळ्याचं मूळ त्या पटण्यात आहे.

आता आमच्या प्रयोगशाळेतला एक नियम सांगतो. मला तो माझ्या मार्गदर्शकांनी दिला, मी माझ्या विद्यार्थ्यांना दिला. रन चालू असताना शिडीची एखादी पायरी मधोमध उघडली आणि पुन्हा जुळली नाही, तर तो रन उडाला असं समजायचं. उडालेला रन सरासरीत घ्यायचा नाही, आणि डिस्कवर जागा अडते म्हणून पुसून टाकायचा. नियम वाईट नव्हता. पूर्वी ओढाढकलीचे नियमच कच्चे होते. रन लांबला की रेणू विनाकारण वेडावाकडा व्हायचा. पायरी उघडणं म्हणजे रेणूचं वागणं नव्हे, आमच्या साधनाचा दोष, असा अनुभव होता. लांब, सैलसर वाकलेल्या तुकड्यांना तो नियम चालून जायचा.

वैशाली निडीची. घरची भातशेती, भातानंतर वाल. रोह्याच्या कॉलेजातून बीएससी करून पुढं शिकली आणि माझ्याकडे पीएचडीला आली. ती निडीला गाडीत बसायची, मी पेणला, आणि दोघं पनवेलला उतरायचो. गाडी रोह्याकडूनच यायची, त्यामुळे पेणला मी चढायचो तेव्हा ती आधीच खिडकीशी असायची. जिते मागं पडलं की ती लॅपटॉप उघडायची. तिला मी लहान कड्यांचं काम दिलं होतं: आखूड तुकडे गोल वाकवून त्यांचा ताठपणा मोजायचा.

पहिल्या वर्षी सगळं सुरळीत होतं. मग कडी जसजशी लहान झाली तसतसे तिचे रन उडायला लागले. मी म्हणालो, नियमाप्रमाणे काढून टाक. तिनं सरासरीतून काढले, पुसले मात्र नाहीत. आणखी लहान कडं, आणखी उडाले. उरलेल्यांची सरासरी मात्र माझ्या जुन्या आकड्यांशी सुंदर जुळायची.

एकदा गाडीतच ती म्हणाली, "सर, एक विचारू? रागावणार नाय ना?"

"विचार."

"आमच्या शाळेत दहावीचा निकाल शंभर टक्के लागायचा. कच्च्या पोरांना नववीतच बसवून ठेवायचे."

"मग?"

"आपण तेच करतोय सर. जो नीट वाकला त्यालाच परीक्षेला बसवतोय."

समोरच्या बाकावरचा माणूस हसला. त्याला डीएनएतलं काही कळलं नव्हतं, शाळेतलं कळलं होतं. मीही हसलो, पण मला ते लागलं. मी तिला साधनाच्या दोषाबद्दल पनवेल येईपर्यंत ऐकवलं. ती ऐकून घेत होती. उतरताना म्हणाली, "दोष असता तर कुठली पण पायरी उघडली असती. माझ्या उघडतात त्या मऊच उघडतात. दर वेळी."

गाइडकडे उत्तर नसलं की तो म्हणतो, "बघू." मी "बघू" म्हणालो.

वार्षिक आढाव्याची समिती पावसाळ्यात बसायची. विद्यार्थी आपलं काम मांडतो, प्रश्न होतात, मग त्याला बाहेर थांबायला सांगतात आणि समिती मार्गदर्शकाशी मोकळेपणी बोलते. त्यावर पुढच्या वर्षीची शिष्यवृत्ती ठरते. वैशालीनं त्या दिवशी दोन आलेख दाखवले. एक नियमाप्रमाणे, दुसरा उडालेले रन धरून. पहिल्यात लहान कडी ताठ होती. दुसऱ्यात ती एका जागी उघडून, कामटीसारखी, सोप्या रीतीनं वाकत होती. दुसरा आलेख दाखवणार आहे, हे तिनं मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. मी नको म्हणालो नव्हतो, हो पण म्हणालो नव्हतो.

ती बाहेर गेल्यावर अध्यक्ष मॅडमनी विचारलं, "सर, हा दुसरा आलेख खरा मानायचा का? खरा असेल तर तुमचे आधीचे आकडे लहान कड्यांना लागू पडत नाहीत. आणि खरा नसेल तर मुलीच्या तयारीत चूक आहे."

प्रश्न सरळ होता. "माहीत नाही, तपासावं लागेल," एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. तेच खरं होतं. पण माझे शोधनिबंध त्या आकड्यांवर उभे होते, समितीतल्या दोघांनी ते आपल्या कामात वापरले होते, आणि मला माझ्या खोलीत परत जाऊन चहा प्यायचा होता. मी म्हणालो, "तयारी घाईत झालीय. पाणी नीट बसायच्या आतच रन सुरू केलेत. हुशार आहे, पण घाई करते."

प्रत्यक्षात तिनं पाणी बसायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ दिला होता. ते मीच तिला करायला लावलं होतं, दोष सापडावा म्हणून.

समितीनं शेरा दिला: तयारीत काळजी दिसत नाही. शिष्यवृत्ती पुढं चालू झाली नाही. बिनपगारी एक वर्ष काढून काम पुन्हा मांड, असं ठरलं. तिनं गणपतीपर्यंत वाट पाहिली आणि मग सोडून गेली. निरोप घ्यायला आली तेव्हा म्हणाली, "सर, तेवढे उडालेले रन पुसू नका." मी हो म्हणालो. दिवाळीनंतर डिस्क भरली आणि मी ते पुसले. नियमच होता.

सकाळची गाडी रोह्याकडून येतच राहिली. पुष्कळ दिवस मी पेणला चढताना खिडकीकडे बघायचो. मग डबा बदलला.

पुढं संगणक बदलले, ओढाढकलीचे नियमही पुष्कळ सुधारले. एका उन्हाळ्यात मी लहान कडी पुन्हा करून पाहायची ठरवली. कोणा विद्यार्थ्याला दिली नाहीत, स्वतः केली. विद्यार्थ्याला दिली असती तर जे दिसेल ते त्यालाही दिसलं असतं. कडी उघडली. मऊ पायरीशीच उघडली. पुन्हा केली, पुन्हा तिथंच.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो. एवढ्या लहान कड्यात डीएनए नेमका कसा वाकतो, यावर जाणकारांचा वाद पूर्वीही होता आणि आजही पुरता मिटलेला नाही. वैशालीनं मोठा शोध लावला होता आणि मी तो बुडवला, असं मला म्हणायचं नाही. तिनं जे दिसलं ते दाखवलं. मी ते तपासलं नाही, आणि वर तिच्या हातात दोष आहे असं सांगितलं. तेवढं पुरेसं वाईट आहे.

हे कळल्यावरही मी गप्प होतो. काम शांतपणे लिहून काढलं. जिथं तिचा उल्लेख यायला हवा, तिथं लिहिलं: "आमच्या गटात पूर्वी असे आढळले होते." मंजिरी, माझी बायको, पेणच्या शाळेत विज्ञान शिकवते. माझं लिखाण ती इंग्रजीच्या चुका काढायला म्हणून वाचते. त्या वाक्यावर ती थांबली.

"आढळलं होतं म्हणजे? कोणाला आढळलं?"

"वैशालीला."

"मग तिचं नाव?"

"ती आता या क्षेत्रात नाही गं."

"क्षेत्रात नसेल, निडीत तर आहे ना?" ती म्हणाली. "गाडी थांबते तिथं."

मी दुसऱ्या रविवारी गेलो. इतकी वर्षं पेणहून रोज एकाच दिशेला गेलो होतो. नागोठण्याच्या बाजूला या गाडीनं क्वचितच. नागोठणं गेलं, आणि निडीला मी एकटाच उतरलो. भात निघून गेलेल्या शेतांत वाल उभा होता. थंडी सरत आली होती.

वैशालीची आई अंगणात वालाच्या शेंगा निवडत बसली होती. मी नाव सांगितलं.

"व्हय, वलखलं मी. पेनचं सर." तिनं पदराला हात पुसले. "बसा. वैशूची फस्ट शिफ्ट हाय, येईलच इतक्यात. रोह्याला कंपनीत हाय ना ती, लॅबमधी. आज पोपटी लावायचीय, खाऊनच जावा."

वैशाली स्कूटरवरून आली. हेल्मेट काढलं, मला पाहिलं, हेल्मेट आरशाला अडकवलं. मग म्हणाली, "सर, चहा घेतलात का?" आवाज नेहमीसारखा. मला तो ओरडण्यापेक्षा जड गेला.

पोपटी आमच्या बाजूला सगळ्यांना ठाऊक आहे, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. मडक्यात भांबुर्डीचा पाला दाबून बसवायचा, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, मीठ. पाण्याचा थेंब घालायचा नाही. तोंड पाल्यानं गच्च बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या पेटवायच्या. वैशाली पाला भरत होती, आणि मी शेजारी दगडावर बसून बोलत होतो. लहान कडी पुन्हा केली, तू म्हणत होतीस तेच दिसलं, लेख तयार आहे, त्यात तुझं नाव पहिलं घालायचं आहे, तुझी परवानगी हवी. हे सगळं मी गाडीत पाठ करून आलो होतो.

"घाला की," ती म्हणाली. "नको कशाला म्हणू? काम माझंच हाय."

"वाचून बघ, मग कळव."

तिची आई शेंगांची टोपली घेऊन आली होती. "तिला दम धरू द्या सर," ती म्हणाली. "आमची वैशू घाईची नाय. लोकं काय पण बोलतात."

तो शब्द त्या अंगणात कसा पोचला, हे मला कळेना. समितीच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. वैशाली बाहेर होती.

"आये, पेंढा आन गो," वैशाली म्हणाली. आई गोठ्याकडे गेली.

"त्यांना कसं..." मी म्हणालो.

"मी सांगितलं. शिकायला गेलेली पोरगी मधीच परत का आली, हे आईला काय तरी सांगायला लागतं ना?"

"पण तुला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला पाहिजे? त्या खोलीचं दार पावसात फुगायचं सर. पुरतं लागायचंच नाय. आतल्यांना वाटायचं लागलंय. मी बाहेर बाकावर होते." तिनं पाल्याचा बोळा मडक्याच्या तोंडात दाबला. "तुम्ही हुशार आहे म्हणालात ना, तेव्हा मला बरं वाटलं. मग 'पण' आलं."

इतकी वर्षं मी एकाच समजुतीवर जगत होतो, की निदान तिला माहीत नाही. निरोप घ्यायला आली, रन पुसू नका म्हणाली, तेव्हाही तिला सगळं माहीत होतं.

"माझं चुकलं, वैशाली," मी म्हणालो.

तिनं मडकं उपडं केलं, पेंढा रचला आणि काडी लावली. पेंढा भुर्रकन पेटला. आच जरा बसल्यावर ती म्हणाली, "राग नाय सर आता. पण हे मला सांगून काय फायदा? मी घाई केली नव्हती, ते मला माहीतच हाय. ज्यांना माहीत नाय त्यांना सांगा ना."

"समितीतले दोघं अजून आहेत. मॅडमही आहेत."

"मग तर बरंच झालं."

"तू येशील?"

"नाय." तिनं काठीनं काटक्या आत सारल्या. "मी समोर असले तर तुम्ही माझ्याशी बोलाल. त्यांच्याशी नाय बोलणार."

तिची आई दोनदा येऊन विचारून गेली, झाली का गो. वैशालीनं मडक्यावर पाण्याचा हबका मारला, कान दिला आणि नाही म्हणाली. तिसऱ्या वेळी थेंब चर्र करून उडाले, तेव्हा मडकं बाजूला घेतलं. शेंगा छान वाफवल्या होत्या. खाताना ती कंपनीच्या कामाबद्दल बोलत होती. नापास झालेल्या बॅचबद्दल सांगताना माझ्याकडे बघून हसली. "आमच्याकडं उडालेली बॅच गपचूप टाकून देता येत नाय सर. का उडाली, त्याचाच रिपोर्ट साहेब पहिला मागतो." हा टोमणा होता, आणि तो मी शेंगांबरोबर खाल्ला. निघताना आईनं मंजिरीसाठी शेंगांची पिशवी दिली.

हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा मी वैशालीला फोन करून विचारलं, तुझं नाव बदलून घालू का. ती म्हणाली, "राहू द्या तेच. एकदा गाळलंय ना आधी."

समिती नेहमीप्रमाणे पावसाळ्यात बसली. माझ्या आताच्या विद्यार्थिनीचं काम मांडून झालं, तिला बाहेर थांबायला सांगितलं. ती गेली आणि जाताना दार ओढून घेतलं. मी उठून बघितलं. मधे कधीतरी रंग दिला होता, पण दार तसंच फुगलेलं होतं; बोटभर फट होती. फटीतून बाकाची कड दिसत होती. मी दार सताड उघडलं.

"सर, वारा येतोय, कागद उडतील," अध्यक्ष मॅडम म्हणाल्या.

"राहू द्या उघडं. मला या विद्यार्थिनीबद्दल बोलायचं नाही. आधीच्या एका विद्यार्थिनीबद्दल बोलायचं आहे."

मी वैशालीचं नाव घेतलं. एका सदस्यांना ते आठवलं. "ती घाई करायची, तीच ना? जाऊ द्या हो सर, किती जुनी गोष्ट. तुम्हालाही त्रास, आम्हालाही."

त्यांना ती मुलगी आठवत होती ती माझ्या त्या एका शब्दानं. तिचे आलेख त्यांना आठवत नव्हते. मी खुर्चीवर बसलो नाही. बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोललो.

"ती घाई करायची नाही. घाई करते, असं मी या खोलीत म्हणालो होतो आणि ते खोटं होतं. तिनं तयारीला हवा त्याहून जास्त वेळ दिला होता, आणि मला ते माहीत होतं. मॅडमनी मला सरळ विचारलं होतं. माझे आकडे वाचावेत म्हणून मी तिला निष्काळजी ठरवलं. तिचा दुसरा आलेख मी पुन्हा करून पाहिला आहे, तो तिनं दाखवला तसाच येतो. तिच्या नावापुढचा शेरा तुम्ही काढावा, अशी माझी विनंती आहे. तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवलात, म्हणून तुमची माफी मागतो. आणि वैशालीची माफी मागतो. ती इथं नाही. तिनंच सांगितलं, की ती नसताना मागा."